विश्रांती किती, हालचाल किती : स्तनाच्या कर्करोगाच्या उपचारांतील व्यायाम

स्तनाच्या कर्करोगाचे निदान झालेल्या स्त्रीला घरातून आणि नात्यागोत्यातून मिळणारा पहिला सल्ला बहुधा एकच असतो, तो म्हणजे आता पूर्ण आराम करावा, जड काही उचलू नये आणि शस्त्रक्रिया झालेल्या बाजूचा हात जपावा. हा सल्ला मायेपोटी दिलेला असतो आणि शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही दिवसांपुरता तो बरोबरही असतो. परंतु तोच पुढे महिनोन्‌महिने पाळला जातो तेव्हा खांदा आखडतो, स्नायू झिजतात, वजन वाढते आणि ज्या थकव्यापायी विश्रांती घेतली तो थकवा कमी न होता वाढतच जातो. भारतीय स्त्रियांना होणाऱ्या कर्करोगांत आज स्तनाचा कर्करोग पहिल्या क्रमांकावर असून, २०२२ या एका वर्षात देशात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना तो नव्याने झाला असा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि किरणोपचार मिळून उपचारांचा पहिला टप्पा कित्येक महिने चालतो आणि त्यानंतर हार्मोनविरोधी गोळ्या लागल्या तर त्या पाच ते दहा वर्षे घ्याव्या लागतात. एवढा दीर्घ काळ शरीर निजवून ठेवण्याला वैद्यकशास्त्राचा आज कोणताही आधार उरलेला नाही.

अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन या संस्थेने तज्ज्ञांची बैठक भरवून २०१० साली, उपचार चालू असताना आणि संपल्यावरही निष्क्रियता टाळावी असा स्पष्ट निर्वाळा दिला, तर २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या सुधारित शिफारशींत व्यायामाची मात्राही ठरवून दिली : आठवड्यातून तीन वेळा प्रत्येकी ३० मिनिटे मध्यम गतीचा दमश्वासाचा व्यायाम आणि दोन वेळा स्नायूंच्या बळकटीचा व्यायाम. दमश्वासाचा व्यायाम म्हणजे ज्यात हृदयाची आणि श्वासाची गती वाढते आणि काही काळ वाढलेलीच राहते असा, जसे भरभर चालणे किंवा सायकल चालवणे. मध्यम गती ओळखण्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. चालताना सोबतच्या व्यक्तीशी बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, एवढी धाप पुरेशी असते. ही मात्रा गाठायची आहे ती हळूहळू, आणि उपचारांच्या प्रत्येक टप्प्यावर ती बदलते; म्हणून सरसकट आरामाचा सल्ला जसा चुकीचा, तसा सर्वांना एकच तक्ता वाटून देणेही चुकीचेच ठरते.

शस्त्रक्रियेनंतर पहिला प्रश्न खांद्याचा असतो. स्तन पूर्ण काढला असो वा गाठीपुरताच भाग काढला असो, त्याबरोबर काखेतील लसिकाग्रंथी, म्हणजे शरीरातील जंतू आणि पेशी अडवणाऱ्या गाळण्यांसारख्या लहान गाठी, तपासणीसाठी किंवा उपचार म्हणून काढल्या जातात आणि त्या जागी बसणारा व्रण छातीच्या पुढच्या भागाला व काखेला ओढून धरतो. दुखते म्हणून हात पोटाशी धरून ठेवण्याची सवय अशा वेळी आपोआप लागते आणि दोन-तीन आठवड्यांत खांद्याभोवतालचे आवरण आखडू लागते. म्हणून शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवसापासूनच मूठ उघडमीट करणे, मनगट फिरवणे, कोपर वाकवून सरळ करणे, खांदे कानांकडे उचलून सोडणे आणि दीर्घ श्वास घेणे या साध्या हालचाली सुरू कराव्यात. जखमेतील पाणी बाहेर नेणारी नळी असेपर्यंत हात खांद्याच्या रेषेवर नेऊ नये, मात्र केस विंचरणे, तोंड धुणे, जेवणे ही स्वतःची कामे त्याच हाताने करावीत. साधारण सात ते दहा दिवसांनी, शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी जखम पाहून अनुमती दिली की हात डोक्यावर नेण्याचे व्यायाम सुरू होतात.

यांतील सर्वांत उपयोगी व्यायामाला एक मोकळी भिंत पुरते. भिंतीकडे तोंड करून वीतभर अंतरावर उभे राहावे, बोटे भिंतीवर टेकवून एकेक बोट पुढे सरकवत हात वर चढवावा, ताण जाणवला की तिथे पाच-सहा श्वास थांबावे आणि तसेच सावकाश खाली यावे. जिथवर बोटे पोहोचली तिथे पेन्सिलीने खूण करून शेजारी तारीख लिहिली, तर पंधरा दिवसांत किती उंची वाढली ते घरातल्या कोणालाही दिसते, आणि दुखणाऱ्या खांद्याला याहून चांगले प्रोत्साहन क्वचितच मिळते. उताणे निजून दोन्ही हातांत लाटणे किंवा काठी धरून ती डोक्यामागे नेणे आणि उभ्याने हात पाठीमागे नेऊन ब्लाउजच्या हुकापर्यंत बोटे पोचवण्याचा प्रयत्न करणे, हे आणखी दोन व्यायाम दिवसातून दोन-तीन वेळा, प्रत्येकी पाच ते दहा वेळा करावेत. ताण जाणवावा, परंतु कळ येऊ नये आणि व्यायामानंतर दुखणे तासाभराहून अधिक काळ वाढलेले राहू नये, ही मर्यादा समजावी. काही स्त्रियांना या काळात काखेतून दंडाच्या आतील बाजूने, कधी कोपरापर्यंत, कातडीखाली ताणलेल्या दोरीसारखी शीर हाताला लागते. लसिकावाहिन्या कडक झाल्याने ती तयार होते, ती कर्करोगाची गाठ नसते आणि फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली ताणाचे व्यायाम चालू ठेवले की ती बहुधा काही आठवड्यांत सैल पडते.

खांदा वेळेत मोकळा होण्याची निकड आणखी एका कारणासाठी असते, आणि ते कारण रुग्णाला फार उशिरा कळते. किरणोपचार, ज्याला बोलीत शेक किंवा लाईट देणे म्हणतात, घेताना स्त्रीला हात डोक्याच्या वर नेऊन टेबलावर निश्चल पडून राहावे लागते, आणि हात तेवढा वर जात नसेल तर उपचाराची आखणी अडते. ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३९२ स्त्रियांपैकी निम्म्यांना केवळ माहितीपत्रक आणि उरलेल्यांना त्याबरोबर फिजिओथेरपिस्टने आखलेला व्यायामक्रम देण्यात आला. वर्षानंतर दुसऱ्या गटाच्या हाताचे कार्य अधिक चांगले होते आणि वेदनाही कमी होत्या. रुग्णालयातून घरी जाताना औषधांच्या चिठ्ठीबरोबर फिजिओथेरपिस्टची भेट मागून घेणे हा म्हणूनच रुग्णाचा हक्क समजला पाहिजे. पोटाचा स्नायू किंवा पाठीचा स्नायू वापरून स्तनाची पुनर्रचना केली असेल, अथवा छातीत कृत्रिम रोपण बसवले असेल, तर पोटाचे, पाठीचे आणि छातीचे व्यायाम केव्हा सुरू करायचे हे त्या शल्यचिकित्सकानेच सांगायचे असते.

यापुढचा विषय हातात काही उचलण्याचा, आणि समाजात सर्वांत घट्ट रुजलेली भीती इथेच आहे. काखेतील ग्रंथी काढल्याने किंवा त्यांवर किरणोपचार झाल्याने हातातील लसिकाद्रव, म्हणजे पेशींभोवतालचे पाणी आणि प्रथिने वाहून नेणारा फिकट द्रव, परत वाहून नेण्याचा मार्ग अपुरा पडतो आणि काही स्त्रियांच्या हाताला सूज येते. तिला लसिकासूज किंवा लिम्फेडेमा म्हणतात. ही सूज एकदा जुनी झाली की पुरती जात नाही, म्हणून ‘त्या हाताने कधीच काही उचलू नये’ असे अनेक वर्षे सर्रास सांगितले जात असे. कॅनडातील व्हँकुव्हर येथील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचे क्रीडावैद्यक तज्ज्ञ डॉन मॅकेन्झी यांनी १९९६ साली स्तनाच्या कर्करोगातून गेलेल्या २४ स्त्रियांना घेऊन ड्रॅगन बोट या लांब नावेतून वल्हवण्याचा सराव सुरू केला. वल्हवणे म्हणजे हाताच्या वरच्या भागाला सतत आणि जोराचे काम, जे त्या काळच्या सल्ल्यानुसार पूर्ण निषिद्ध होते. तरीही त्या गटात एकाही स्त्रीला नव्याने सूज आली नाही. तुलनेसाठी दुसरा गट नसल्यामुळे एवढ्यावरून निष्कर्ष काढता येत नव्हता, परंतु प्रश्न उभा राहिला आणि त्याचे नेटके उत्तर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील कॅथ्रिन श्मिट्झ यांच्या अभ्यासाने दिले. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात आधीच सूज असलेल्या १४१ स्त्रियांपैकी निम्म्यांनी आठवड्यातून दोनदा वजने उचलली. सूज वाढण्याचे प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखेच राहिले, उलट सूज एकाएकी बळावण्याचे प्रसंग वजने उचलणाऱ्यांत १४ टक्के स्त्रियांना आणि न उचलणाऱ्यांत २९ टक्के स्त्रियांना आले. पुढच्याच वर्षी, अजून सूज न आलेल्या पण तिचा धोका असलेल्या १५४ स्त्रियांवर तसाच अभ्यास झाला, आणि त्यात नव्याने सूज येण्याचे प्रमाण वजने उचलणाऱ्या गटात ११ टक्के, तर दुसऱ्या गटात १७ टक्के दिसून आले.

या अभ्यासांमागचा विचार समजून घेण्याजोगा आहे. हात वापरायचा नाही असे कितीही ठरवले तरी घरातील ओझी थांबत नाहीत. दहा लिटरची पाण्याची बादली, किराणा भरलेली पिशवी, कडेवर येऊ पाहणारे नातवंड, पिळायची ओली चादर, हे सगळे कधी ना कधी त्याच हातावर येते. वर्षभर न वापरलेला, दुबळा झालेला हात अशा ओझ्याखाली अचानक आला की त्याला इजा होते आणि इजा झालेल्या भागाकडे द्रव धावून येतो, ज्याचा निचरा त्या हाताला जमत नाही. पायरीपायरीने बळकट केलेल्या हाताला तीच बादली सोसते. यावरून हेही लक्षात येईल की घरकाम म्हणजेच व्यायाम हा समज अपुरा आहे, कारण घरकामातील भार अनियमित असतो, एकाच बाजूवर पडतो आणि तो हळूहळू वाढवत नेण्याची सोय त्यात नसते.

त्या अभ्यासांतली शिस्त मात्र जशीच्या तशी उचलली पाहिजे, कारण सुरक्षितता तिच्यातच होती. आरंभ अगदी हलक्या वजनाने करावा. अर्ध्या लिटरची पाण्याने भरलेली बाटली म्हणजे अर्धा किलो, आणि ती बहुतेकींना पुरते. कोपरातून वाकवून हात वर आणणे, बाटली धरून हात बाजूला खांद्याच्या रेषेपर्यंत नेणे, भिंतीला तळहात टेकवून शरीर भिंतीकडे नेऊन मागे ढकलणे, आणि पायांसाठी खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठणे-बसणे, हे चार व्यायाम प्रत्येकी दहा वेळा, मध्ये विश्रांती घेऊन दोनदा, असे आठवड्यातून दोन दिवस करावेत आणि दोहोंमध्ये किमान एक दिवस मोकळा ठेवावा. दोन-तीन आठवडे हातात कोणताही बदल दिसला नाही तरच वजन थोडे वाढवावे, आणि आजारपणाने किंवा प्रवासाने आठवडा-दोन आठवडे खंड पडला तर पुन्हा कमी वजनापासून सुरुवात करावी. हाताकडे लक्ष ठेवण्याचे साधन बहुतेक मराठी घरांत स्त्रीच्या मनगटावरच असते : नेहमीच्या बांगड्या एका हातात सहज जातात आणि दुसऱ्यात अडकतात, अंगठी रुतते, ब्लाउजची एकच बाही दंडाला घट्ट होते किंवा हात जड वाटतो, या खुणा दिसल्या की वजने थांबवून डॉक्टरांना दाखवावे. सूज आधीच असेल तर मापाने घेतलेली दाबबाही, म्हणजे हातावर सम दाब देणारी लवचिक बाही, व्यायामाच्या वेळी घालावी की नाही हे फिजिओथेरपिस्टला विचारून ठरवावे. हात लाल, गरम होऊन ताप आला तर तो जंतुसंसर्ग असतो आणि त्याला त्याच दिवशी उपचार लागतात.

केमोथेरपीच्या काळात प्रश्न हाताचा कमी आणि सर्वांगाचा अधिक असतो. कर्करोगातील थकवा साध्या दमण्याहून वेगळा असतो, कारण तो झोपेने जात नाही आणि केलेल्या श्रमाशी त्याचे प्रमाण जुळत नाही. २०१७ साली ११३ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला तेव्हा या थकव्यावर औषधांपेक्षा व्यायाम आणि मानसोपचार हे दोन उपाय अधिक गुणकारी ठरले. कॅनडात केमो घेणाऱ्या २४२ स्त्रियांवर झालेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्नायूबळाचा व्यायाम करणाऱ्यांना नियोजित केमोच्या मात्रेपैकी सरासरी सुमारे ९० टक्के, तर केवळ नेहमीचे उपचार घेणाऱ्यांना सुमारे ८४ टक्के मात्रा घेता आली. तो अभ्यास मूळ याच प्रश्नासाठी आखलेला नसल्याने या निष्कर्षावर फार भार टाकू नये, परंतु व्यायामाने उपचारात व्यत्यय येतो या भीतीला तो पुरेसे उत्तर आहे.

दर तीन आठवड्यांनी केमो असेल तर व्यायामालाही त्याच आवर्तनाची लय द्यावी. पहिले तीन-चार दिवस मळमळ आणि अशक्तपणा असतो, तेव्हा घरातल्या घरात किंवा गॅलरीत पाच ते दहा मिनिटांच्या तीन फेऱ्या पुरेत, आणि एवढेही न जमल्यास पलंगावर बसून पावले व हात हलवावेत. दुसऱ्या आठवड्यात रक्तातील पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात, म्हणून त्या दिवसांत गर्दीची व्यायामशाळा आणि पोहण्याचा तलाव टाळून मोकळ्या जागी चालावे. तिसरा आठवडा बहुधा बरा जातो, त्या आठवड्यात चालण्याची वेळ २० ते ३० मिनिटांवर न्यावी. रक्ततपासणीचा अहवाल पाहूनही बदल करावा लागतो : हिमोग्लोबिन ८ च्या खाली असेल तर हलक्या हालचालींपलीकडे जाऊ नये, रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट पेशी ५० हजारांच्या खाली असतील तर वजने उचलू नयेत आणि त्या २० हजारांच्या खाली गेल्या तर डॉक्टरांच्या अनुमतीवाचून व्यायाम करू नये. ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक झाला तर व्यायामाचा विचार सोडून तात्काळ रुग्णालय गाठावे.

पॅक्लिटॅक्सेल आणि डोसेटॅक्सेल या औषधांनी हातापायांच्या टोकांच्या मज्जातंतूंना इजा होऊन तळपायांना मुंग्या येतात किंवा ते बधिर होतात. पहाटे दवात अनवाणी चालणे आरोग्याला हितकर, असे मानणाऱ्यांनी या काळात ती प्रथा बाजूला ठेवावी, कारण बधिर पायाला काटा रुतलेला कळत नाही. बंद, मऊ तळव्याचे बूट घालून सपाट जागी चालावे आणि स्वयंपाकघरातील ओट्याला हात टेकून एका पायावर दहा सेकंद उभे राहण्याचा सराव करावा. डॉक्सोरुबिसिन, म्हणजे रुग्ण ज्याला लाल इंजेक्शन म्हणून ओळखतात ते औषध, आणि ट्रॅस्टुझुमॅब यांचा हृदयाच्या स्नायूवर परिणाम होऊ शकतो. अशा रुग्णांची इको तपासणी ठराविक अंतराने होत असते आणि तिचा निकाल व्यायाम आखणाऱ्याला सांगितला पाहिजे. छातीत दुखणे, धडधड, घेरी, एकाएकी लागलेली धाप किंवा एकाच पायाच्या पोटरीत दुखून सूज येणे, यांपैकी काहीही झाले तर तिथेच थांबून डॉक्टरांना गाठावे.

किरणोपचार बहुधा तीन ते पाच आठवडे चालतात आणि त्यांचा थकवा शेवटच्या आठवड्यांत वाढतो. या काळात त्वचा नाजूक होते, म्हणून सैल सुती कपडे घालावेत, घाम टिपून काढावा आणि तलावातील क्लोरिनचे पाणी टाळावे. छातीच्या ऊती मात्र उपचार संपल्यावरही कित्येक महिने घट्ट होत राहतात, आणि म्हणून भिंतीवर बोटे चढवण्याचा व्यायाम दुखणे थांबल्यावरही किमान वर्षभर सोडू नये.

हार्मोनविरोधी गोळ्यांच्या वर्षांत सांधेदुखी हीच अडचण अनेकींना गोळ्या सोडण्यापर्यंत नेते. लेट्रोझोल आणि अ‍ॅनास्ट्रोझोल ही औषधे शरीरात तयार होणारे एस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी करतात, त्यामुळे सकाळी उठताना बोटे, गुडघे आणि टाचा धरतात व हाडेही विरळ होऊ लागतात. अमेरिकेत अशी औषधे घेणाऱ्या १२१ स्त्रियांच्या अभ्यासात, आठवड्याला १५० मिनिटे भरभर चालण्यासारखा व्यायाम आणि दोनदा वजने असा क्रम वर्षभर पाळणाऱ्यांची तीव्र सांधेदुखी सुमारे २९ टक्क्यांनी घटली, तर दुसऱ्या गटात ती जवळपास तशीच राहिली. हाडांसाठी शरीराचा भार पायांवर घेणारे व्यायाम लागतात, म्हणजे चालणे, जिने चढणे, टाचा उचलून सावकाश टेकवणे; पोहणे आणि सायकल यांनी दम वाढतो, पण हाडांना तेवढा लाभ होत नाही. हाडे फार विरळ झाल्याचे तपासणीत दिसले असेल तर कमरेतून पुढे झुकणे आणि धड पिळणे टाळावे. कर्करोग हाडांत पसरलेला असेल तर हालचाल पूर्ण बंद करायची नसते, मात्र कोणत्या हाडावर भार चालेल हे डॉक्टरांकडून समजून घेतल्याशिवाय एकही व्यायाम सुरू करू नये.

योगासनांविषयी महाराष्ट्रात विशेष ओढ आहे आणि मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयानेही स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांसाठी योगाचा शास्त्रशुद्ध अभ्यास केला आहे. श्वसन, शिथिलीकरण आणि सोपी आसने कोणत्याही टप्प्यावर चालतात, परंतु सूर्यनमस्कारात शरीराचा भार तळहातांवर येतो, म्हणून भिंतीवर ढकलण्याचा व्यायाम सहज जमू लागेपर्यंत तो लांबवावा. मंगळागौरीच्या खेळांतील झिम्मा हा उत्तम दमश्वासाचा व्यायाम आहे, फुगडीतील हाताचा हिसका मात्र खांदा पूर्ण मोकळा होईपर्यंत नको.

व्यायामाने रोग उलटणे टळते का, हा प्रश्न प्रत्येक रुग्ण विचारते आणि त्याचे उत्तर जपून द्यावे लागते. अमेरिकेतील परिचारिकांच्या दीर्घ पाहणीत, २००५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, आठवड्याला तीन ते पाच तास चालणाऱ्या स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू कमी आढळले; परंतु मुळात ज्यांची प्रकृती बरी त्याच अधिक चालत असतील, ही शक्यता अशा पाहणीत पूर्ण वगळता येत नाही. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात व्यायामाने रोग उलटण्याचे प्रमाण घटते हे २०२५ साली ८८९ रुग्णांच्या तुलनात्मक चाचणीत दिसून आले. स्तनाच्या कर्करोगातही तसेच घडेल असे त्यावरून गृहीत धरता येणार नाही. गोळ्या सोडून केवळ व्यायामावर विसंबणे हा जिवावरचा धोका आहे.

घरच्यांना काळजी असते, आणि तिला करण्याजोगे काम दिले तर ती उपयोगी पडते : संध्याकाळच्या फेरीला सोबत जाणे, केमोनंतरच्या दिवसांत स्वयंपाकाचा भार उचलून त्या स्त्रीची शक्ती चालण्यासाठी राखणे, एप्रिल-मेमध्ये सकाळी आठच्या आत बाहेर पडता येईल अशी घराची वेळ लावणे आणि पावसाळ्यात इमारतीचा लांब व्हरांडा मोकळा करून देणे. एका साध्या वहीत तारीख, चाललेली मिनिटे, उचललेले वजन, त्या दिवशीचा थकवा शून्य ते दहा यांपैकी किती, आणि हाताला काही जाणवले का, एवढ्या नोंदी ठेवाव्यात आणि पुढच्या तपासणीला ती वही, शेवटचा रक्त-अहवाल आणि इकोचा निकाल बरोबर न्यावा. डॉक्टरांना विचारायच्या तीन गोष्टी त्याच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवाव्यात : काखेतील किती ग्रंथी काढल्या, घेत असलेल्या औषधांचा हृदयावर किंवा हाडांवर परिणाम होतो का, आणि सध्या कोणती हालचाल वर्ज्य आहे.